जीपच्या हुडाची कडी

केस पिकलेल्या एक बाई काल आमच्या शेजारच्या देसाईंच्या जीपमध्ये वाकून, कापडी हुडाच्या लोखंडी दांडीवर हात फिरवत काहीतरी शोधत होत्या. देसाईंना जुन्या अमेरिकन लष्करी गाड्यांचं वेड. महायुद्धातली ही जीप त्यांनी जुने फोटो बघून अगदी मूळ रूपात आणलीय. बॉनेटवर पांढरा तारा रंगवला आणि मागाहून कुणी जोडलेलं सगळं कापून टाकलं. बाईंचे वडील या जीपचे आधीचे मालक.

“इथं कडी होती हो,” बाई म्हणाल्या. “बाबा खेडोपाडी पेशंट बघायला जायचे. आई त्यांची नर्स. आणि मी त्या कडीला बांधलेल्या झोळीत.”

लढाई त्या जीपनं दोन-चार वर्षं पाहिली असेल. आयुष्य मात्र आमच्याकडच्या धुळीत काढलं. मग तिचं मूळ रूप कुठलं म्हणायचं?

देसाईंनी भंगाराच्या डब्यातून ती कडी शोधून काढली.

“जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक गुण कापतील,” मी म्हटलं.

“कापू देत,” म्हणत त्यांनी वेल्डिंगचा चष्मा चढवला.

कडी निवल्यावर बाईंनी तिला आपली पर्स अडकवली आणि हलकेच झोका दिला.