सपाटीचा जोड

पनवेलच्या ठाणा नाक्याजवळ जमाल मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. लॉरीवाला कितीही घाईत येवो, जमाल आधी त्याला दोन गोष्टी विचारायचा. "माल काय भरतोस?" आणि "जायचं कुठं?" याची नीट उत्तरं मिळाल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. नवखे ड्रायव्हर वैतागायचे. याला काय करायच्यात चौकशा, म्हणायचे. जुने मात्र गुपचूप सांगून टाकत.

लढाईच्या काळात जमाल लष्कराच्या मोटार कारखान्यात होता. लढाई संपली, तशा त्याच कारखान्यातल्या लॉऱ्या लिलावात निघाल्या आणि पनवेलच्या व्यापाऱ्यांनी घेतल्या. बंदरावर गलबतांतून मंगलोरी कौलं उतरायची, ती लॉऱ्यांत भरून बोरघाट चढवून पुण्याकडे न्यायची. या गाड्या कुठल्या कुठल्या मुलखासाठी बनवलेल्या. एखादी सपाटीवर पळायची पण घाटात धापा टाकायची, तर एखादी डोंगर चढायची पण ठाण्याच्या रस्त्यावर बैलगाडीलाही हार जायची. जमाल त्यांचा मागचा आस खोलायचा आणि आतला जोड बदलून द्यायचा.

जोड म्हणजे दोन दातेरी चाकं, एक लहान, एक मोठं. लहान चाकाला इंजिन फिरवतं, ते मोठ्याला फिरवतं आणि मोठं टायरांना. लहान चाक सात वेळा फिरल्यावर टायर एकदा फिरत असेल, तर तो घाटाचा जोड. गाडी सावकाश चालते, पण भरलेला ट्रेलर ओढत घाट चढते आणि उतरताना इंजिनच तिला मागे धरून ठेवतं. लहान चाकाच्या साडेपाच फेऱ्यांतच टायर एकदा फिरत असेल, तर तो सपाटीचा जोड. गाडी सुसाट जाते, पण उतारावर तिला धरणारं कुणी उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात टायर मोठे घातले की हे आणखी वाढतं. जमाल खडूनं चाकावर एक रेघ ओढायचा, लहान चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टवर एक ओढायचा, चार माणसं लावून गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी ढकलायचा आणि खाली वाकून शाफ्टचे फेरे मोजायचा. एवढ्यावर तो सांगायचा, ही गाडी कुठं चालेल आणि कुठं माणसाला दगा देईल.

सुकापूरचा तुळशीराम हा त्याचा दोस्त. काशिराम शेठची भाताची गिरणी होती आणि दोन हिरव्या लॉऱ्या होत्या, एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या. त्यातली एक आठ वर्षं तुळशीरामच्या हाताखाली होती. तिला जमालनंच घाटाचा जोड बसवला होता. तुळशीराम दुपारी नाक्यावर असला, की शेडमध्येच भाकर सोडायचा. त्याची बायको रंभा वालाचं बिरडं जरा जास्तच द्यायची, कारण निम्मं मिस्त्रीच्या पोटात जाणार हे तिला ठाऊक होतं. ईदेला तुळशीराम जमालच्या बायकोच्या, हव्वाबीच्या हातचा शिरखुर्मा दोन वाट्या प्यायचा आणि तिसरी मागताना लाजायचा.

छप्पन साली दिवाळीनंतर तुळशीरामला हिवताप झाला. तीन आठवडे तो सुकापुरात अंथरुणाला खिळून होता. त्याच दिवसांत काशिराम शेठनं आपली दुसरी लॉरी शेडमध्ये आणली. गिरणीचा तांदूळ आता रोज ठाण्याला आणि मुंबईला जायचा होता. रस्ता सगळा सपाट. शेठला गाडी पळायला हवी होती. जमालनं तिच्यात सपाटीचा जोड बसवला, टायरही मोठे घातले. गाडी सोडताना त्यानं शेठला उभं करून सांगितलं.

"शेठ, आता ही घाटाची गाडी राहिली नाही. हिला ट्रेलर लावू नका. आणि कधी अगदीच वेळ आली, तर ड्रायव्हरला सांगा, घाट पहिल्या गिअरात उतर. दुसऱ्यात घातली तर ती त्याला आवरायची नाही."

"बरं, बरं, जमालमिया," शेठ म्हणाला आणि नव्या टायरांवर छत्रीचं टोक आपटून बघत राहिला.

तुळशीराम बरा होऊन कामावर आला, तो गालफडं बसलेला. पहिल्याच खेपेला खोपोलीला त्याच्या लॉरीचा ब्रेक धरायला लागला. त्यानं तिथल्याच एका मिस्त्रीकडून तो नीट करून घेतला. ही बातमी जमालच्या कानावर दुसऱ्याच ड्रायव्हरकडून आली, आणि ती त्याला लागली. तुळशीराम शेडवर आला तेव्हा जमाल चार माणसांदेखत बोलला, "माझे हात मोडले होते काय?"

"आरं, मग काय खोपोलीवरनं गाडी खांद्यावर घेऊन येऊ तुज्याकडं?" तुळशीराम म्हणाला. चौघंही हसले. तुळशीरामच्या मनात काही नव्हतं, त्याची बोलायची रीतच ती होती. पण जमाल तोंड फिरवून कामाला लागला. दुपारी भाकरीला त्यानं तुळशीरामला बस म्हटलं नाही. तुळशीराम थोडा वेळ उभा राहिला आणि डबा तसाच घेऊन गेला.

तीन दिवस दोघं बोलले नाहीत. हव्वाबी म्हणाली, "लहान पोरांसारखं काय चाललंय तुमचं? जा, त्याला चहा पाजा." जमाल म्हणाला, "तो येईल की."

चौथ्या दिवशी सकाळी तो आला.

जमाल तेव्हा एका लॉरीखाली उताणा पडून स्प्रिंगचे नट आवळत होता. रस्त्यावर इंजिन थांबल्याचा आवाज झाला. त्यानं मान वळवली. खालून त्याला फक्त टायर दिसले, त्यानं स्वतः चढवलेले मोठे टायर, आणि त्यांच्यामागे ट्रेलरची दोन चाकं. मग तुळशीरामचे पाय खाली उतरले. तुळशीरामच्या लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा आदल्या संध्याकाळी तुटल्याचं नाक्यावर कळलं होतं, म्हणजे शेठनं त्याला दुसरी दिली होती. एवढं जमालला न सांगता कळलं.

तुळशीरामनं टायरावर थाप मारली. "मिस्त्री, टायर झकास घातलंस रं!" तो मोठ्यानं म्हणाला. जमाल गप्प राहिला. "लोणावल्याला चाललो. जाताना रिकामी पोती हायत, येताना कांदा. हव्वाबीला चिक्की आणू काय?"

जमालनं सगळं ऐकलं. कांदा म्हणजे भरलेली लॉरी आणि मागे भरलेला ट्रेलर. बोललं पाहिजे हे त्याला त्या क्षणीच कळलं होतं. पुढं आयुष्यभर त्यानं स्वतःला एवढीही सवलत दिली नाही, की तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं होतं. पण शेठनं त्याला सांगितलंच असेल, असं त्याच्या मनात आलं. आणि त्याच्याही खाली दुसरं होतं, की याला अजून एकदा हाक मारू दे, मग मी बाहेर निघतो.

तुळशीरामनं परत हाक मारली नाही. "बरं, येतो," तो जरा हळू म्हणाला. पाय वर चढले. टायर फिरले, ट्रेलर खडखडत गेला. जमाल नट आवळत राहिला.

जाताना पोती रिकामी, त्यामुळे लॉरी घाट सहज चढली. तुळशीरामला कसलाही संशय यायचं कारणच नव्हतं. टायर माणसाला दिसतात, आतले दाते दिसत नाहीत. दुपारी कांदा भरून तो निघाला आणि खंडाळ्याच्या खाली आठ वर्षांच्या सवयीनं त्यानं गाडी दुसऱ्या गिअरात घातली. त्याच्या स्वतःच्या लॉरीला तेवढं पुरायचं. हिला पुरलं नाही. समोरून वर येणाऱ्या एस.टी.चा ड्रायव्हर पुढं सांगत होता, की हिरव्या लॉरीच्या चाकांतून धूर निघत होता, ट्रेलर तिला मागून रेटत होता आणि ड्रायव्हरनं भोंग्यावरचा हात काढलाच नाही. त्यानं लॉरी दरीकडे जाऊ दिली नाही, एस.टी.वरही येऊ दिली नाही. कड्याच्या अंगाला घातली. ट्रेलर मागून त्याच्या अंगावर आला.

चारच्या सुमारास नाक्यावर बातमी आली. जमाल तेव्हा हात धूत होता. सांगणाऱ्यानं लॉरी कुठली ते सांगितलं, मग कोण होता ते सांगितलं. जमालनं हात धुवायचं थांबवलं नाही. साबण निघून गेला तरी तो पाणी घेत राहिला, शेवटी बादली रिकामी झाली.

चौकशी झाली. मोटार खात्याच्या इन्स्पेक्टरनं ब्रेक जळाल्याचं लिहिलं. काशिराम शेठनं जबाब दिला की ड्रायव्हर भरधाव होता. आठ दिवसांत नाक्यावर कुणीतरी म्हणालं, लोणावळ्याला घेतली असणार थोडी. मग ते सगळेच म्हणू लागले. तुळशीरामनं जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं, हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक होतं. जमाल हे शेडमध्ये बसून ऐकायचा. नवव्या दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि इन्स्पेक्टरच्या कचेरीत जाऊन उभा राहिला.

"साहेब, ड्रायव्हरचा गुन्हा नाही. जोड मी बदलला होता. त्याला माहीत नव्हतं."

इन्स्पेक्टरनं वर पाहिलं. "तुम्ही मालकाला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"मग तुमचा काय गुन्हा?"

इन्स्पेक्टरनं दोन ओळी लिहून घेतल्या आणि त्याचा अंगठा न घेता सही घेतली, कारण लष्करात जमाल सही करायला शिकला होता. त्या दोन ओळींनी एवढंच झालं, की दारूची गोष्ट कागदावर आली नाही. शेठनं आपली उरलेली गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायला सुरुवात केली.

त्यानंतर जमाल सुकापूरला गेला. रंभा ओटीवर बसली होती. तिची सासू सोनाबाई आत विस्तवाशी होती. जमाल खाली अंगणातच बसला.

"वैनी, मला एक सांगायचंय."

"सांगा."

त्यानं अंगणातले दोन खडे घेतले, एक लहान, एक मोठा, आणि जोड म्हणजे काय ते तिला सांगितलं. कुठली गाडी कशी उतरते ते सांगितलं. रंभानं मध्ये एकदाच विचारलं, "म्हंजी पयल्यात घातली असती तर?"

"तर आला असता घरी."

"मंग त्याची चूक नव्हती."

"नव्हती. अल्लाची कसम, नव्हती."

तिनं डोळ्यांना पदर लावला. बाहेर लोक काय बोलतात ते तिच्यापर्यंत आलेलं असणार. जमालला वाटलं, इथंच उठावं. इथं उठलो तर हिच्या नजरेत मी भला माणूस राहीन. पण तो उठला नाही. त्यानं त्या सकाळचंही सांगितलं. गाडीखालचं, टायराचं, चिक्कीचं.

रंभानं अंगणातल्या त्या दोन खड्यांकडे पाहिलं.

"त्यानं हाक मारली," ती म्हणाली. "तुमी ऐकली?"

"ऐकली."

"सगली ऐकली?"

"सगळी."

ती उठून आत गेली. जमाल ऊन उतरेपर्यंत अंगणात बसून राहिला. मग सोनाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "जा रं पोरा आता. ती नाय यायची."

पुढची दहा वर्षं रंभा पनवेलच्या बाजारात भाजी विकायला यायची, आणि नाक्यावरून जायची, पण शेडच्या बाजूनं नाही. रस्ता ओलांडून पलीकडून. जमाल ती पलीकडून जाईपर्यंत काम थांबवायचा. त्यानं एक नवीन पद्धत सुरू केली होती. कुठल्याही लॉरीचा जोड किंवा टायर बदलला, की तो ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या तेली रंगानं मोठ्या अक्षरांत लिहायचा, "घाट पहिल्यात" किंवा "घाट दुसऱ्यात". मालक कुरकुरले तरी ऐकायचा नाही. आणि तेवढ्यावर भागायचं नाही म्हणून ड्रायव्हरला समोर उभं करून त्याच्या तोंडून तीनदा वदवून घ्यायचा. लोक त्याला चक्रम म्हणू लागले. हव्वाबीला त्याचं कारण माहीत होतं. घरात ती चिक्की कधी येऊ देत नसे.

सहासष्ट साली जमालच्या छातीत पाणी झालं. शेड बंद पडली. तो घरात भिंतीशी टेकून बसायचा, कारण आडवं झालं की दम लागायचा. एका दुपारी हव्वाबीनं दार उघडलं तर बाहेर रंभा उभी. डोक्यावर रिकामी पाटी होती. हव्वाबी नुसती बाजूला झाली.

रंभा आत येऊन जमालपासून थोडी दूर, जमिनीवर बसली. दोघांचेही केस पिकले होते. जमालनं उठायचा प्रयत्न केला.

"बसा," ती म्हणाली. "माफ केलं म्हणून नाय आले मी. माज्याच्यानं नाय होत ते."

"नको करू, वैनी."

"तो जिता असता तर तुमाला बघायला आला असता. रोज आला असता. म्हणून आले."

जमाल हुंदका द्यायला गेला, पण छातीत तेवढी हवा नव्हती. नुसता खोकला आला. हव्वाबीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग चहा टाकायला आत गेली. चहा आला तसा रंभानं तो बशीत ओतून प्यायला, बशी विसळून ठेवली आणि पाटी उचलली.

त्या पंधरवड्यात ती आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा चहा घेऊन, बशी विसळून गेली. त्यानंतर आली तेव्हा घराबाहेर माणसं उभी होती आणि जनाजा नुकताच गेला होता. ती हव्वाबीजवळ जाऊन बसली आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच होती.