दुसऱ्या विभागाची गोळी

भोपाळमध्ये जेवढी म्हणून मराठी माणसं आजारी पडली असतील, त्यातल्या निम्म्यांना तरी डॉक्टरकडे आमच्या आतोबांनीच नेलं असेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले, आतोबाही पुढे मंत्रालयातच चिकटले, तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नोकरी संपवली आणि निवृत्तीनंतर साकेत नगरात घर बांधलं. बाकीचे लोक बाजार किंवा शाळा बघून घर घेतात, ह्यांनी इस्पितळ बघून घेतलं, असं आत्या म्हणते. कॉलनीतले सगळे त्यांना फूफाजी, म्हणजे हिंदीतले आतोबाच, म्हणतात. हिंदी मुलखातला फूफा म्हणजे लग्नात रुसून बसणारा माणूस. आमच्या आतोबांना रुसायला कधी सवडच मिळाली नाही. बैतूलहून कुणाचा गुडघा येणार असायचा, नागपूरहून कुणाचा मोतीबिंदू. आतोबा स्कूटर काढून हजर.

डॉक्टरसमोर बसलं की रोग्याने बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा शेजारच्या तिवारीजींना पोटाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, जेवणाआधी की नंतर, सगळी उत्तरं आतोबांनीच दिली, तीही स्वतःच्या पोटावर हात ठेवून. डॉक्टरांनी साहजिकच त्यांनाच टेबलावर झोपवलं आणि पोट दाबून पाहिलं. तिवारीजी बाकावर बसून बघत राहिले. “मी मध्ये बोललो नाही. बिचाऱ्या डॉक्टरची लय तुटली असती,” असं आतोबांनी घरी येऊन सांगितलं. इतका मोकळा माणूस, पण स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र तोंड मिटलेलं. त्यातही मंत्रालयातली शिस्त अशी अंगात मुरलेली, की एका डॉक्टरची गोष्ट दुसऱ्याला सांगणं म्हणजे एका विभागाची फाईल दुसऱ्या विभागात पाठवणं. डोळ्यांच्या डॉक्टरला साखर कळता कामा नये, दाताच्या डॉक्टरला रक्तदाब. “ज्याने त्याने आपापलं काम बघावं,” ते म्हणत.

मागच्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा पडले. पडले तेही इस्पितळातच. बैतूलच्या मावसभावाला घेऊन गेले होते, नंबर पुकारल्यावर उत्साहाने उठले आणि तिथेच फरशीवर बसले. चप्पल सरकली म्हणाले. मग एका सकाळी पलंगावरून उठताना भिंतीला धरून राहिले, आणि संक्रांतीच्या सुमारास स्वयंपाकघरात पडून कपाळाला टाके पडले. आत्याने स्कूटरची किल्ली लपवली. त्यांचा पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, “आता पुरे झालं, दोघंही इकडे या. घर भाड्याने देऊ.” आतोबा वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “बघ, वयच झालं.” फक्त तेवढंच. लोकांचे फोन यायचे, तेव्हा आत्या सांगायची की ते झोपलेत, आणि ते समोरच्या खुर्चीत जागे बसलेले असायचे. आत्याने माळ्यावरची मोठी पातेली खाली काढून ठेवली होती. कुठली न्यायची, कुठली वाटायची, ते ठरवायला.

जाण्याआधी रक्तदाबाच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावं म्हणून मी दोघांना गाडीतून घेऊन गेलो. डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी आतोबांना आडवं करून रक्तदाब मोजला, मग उभं करून मोजला, आणि लगेच खाली बसवलं. उभं राहिल्याबरोबर दाब भलताच खाली येत होता.

“कोई नई दवा शुरू की है?” त्यांनी विचारलं.

“नहीं,” आतोबा म्हणाले.

“रात को पेशाब के लिए कितनी बार उठते हैं?”

ह्याचं उत्तर आत्याने दिलं, कौतुकाने. “पहले बहुत उठते थे, डॉक्टर साहब. अब दो-तीन महीने से बड़ा आराम है.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “यह आराम कहाँ से आया, फूफाजी?”

कॉलनीतलं हे नाव त्यांच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे. आतोबा पंख्याकडे पाहत म्हणाले, “दूसरे विभाग से.”

ते गुपचूप मूत्रमार्गाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. तिथे प्रोस्टेटसाठी एक गोळी मिळाली होती, आणि रक्तदाबाची गोळी तर आधीपासून चालूच होती. डॉक्टरांनी समजावलं: दोन्ही गोळ्या आपापल्या जागी बरोबर, पण दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आल्या की माणूस उठतो तेव्हा रक्त पायाकडेच राहतं, डोक्याला कमी पडतं, आणि उतारवयात शरीराला ते सावरून घ्यायला वेळ लागतो. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांशी तिथूनच फोनवर बोलून रक्तदाबाची गोळी बदलली, आणि मनाने कुठलीच गोळी बंद करायची नाही अशी ताकीद दिली.

गाडीपाशी आल्यावर आत्या म्हणाली, “मला का नाही सांगितलं?”

“तुझा दादा ह्याच जागेच्या दुखण्याने गेला,” आतोबा म्हणाले. आत्याचा दादा म्हणजे माझे बाबा. “नाव ऐकलं असतंस तर तू झोपली नसतीस.”

“दादाला कॅन्सर होता. तुम्हाला तेच आहे का?”

“नाही. तपासण्या झाल्या. साधी वाढ आहे म्हणाले, वयाची.”

“मग? तुम्ही पडायला लागल्यापासून मी कुठे झोपतेय?”

आतोबांनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. लग्नाला पन्नासेक वर्षं झालेल्या माणसाने ते पहिल्यांदाच उघडलं असावं, कारण आत्या क्षणभर बाहेरच उभी राहिली.

त्यानंतर चक्कर थांबली. पातेली माळ्यावर परत गेली, पुण्याचं लांबणीवर पडलं. लांबणीवरच, रद्द नाही. ते त्या दोघांनाही ठाऊक आहे. कपाळावरची खूण राहिली आहे, चालणंही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आता प्रत्येक डॉक्टरकडे आत्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून बरोबर जाते आणि विचारतील त्याहून जास्त सांगते. आतोबा लाजून खिडकीबाहेर बघतात.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. आत्या आत चहा करत होती. आतोबांनी मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, “तुझं वय काय आता? पन्नास झाली ना?”

“झाली की.”

“बाबांचं तुला माहीत आहे. एकदा तपासून घे. मी येतो बरोबर.”

मी ‘बघू’ म्हणालो. बाबांच्या वेळीही सगळ्या फेऱ्यांना हेच त्यांच्या सोबत होते. मी तेव्हा परगावी होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

“‘बघू’ नको,” ते म्हणाले. “सोमवारी जाऊ. आणि बायकोला सांगून ये.”