धारेवरचं कुंकू

ज्योतिबा चौगुले माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं ऐकून कुणाचंही मत तसं होईल. राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर. दूध उतू गेलं की दुधावर चिडेल, बस चुकली की बसवर. स्वतःवर चिडलेला ज्योतिबा बंगळूरच्या येलहंक्यात, म्हणजे तो राहतो तिथं, अजून कुणी पाहिला नव्हता.

मूळचा निपाणीकडचा. तरुणपणी बंगळूरला आला आणि पीण्या नावाच्या भागातल्या कारखान्यांत डाय करायचं काम शिकला. डाय म्हणजे पत्रा कापायचा साचा. वरून दणका बसला की खाली मिक्सरचा नाहीतर पंख्याचा एखादा भाग तयार पडतो. आधी डायची धार हातानं घासली, मग कागदावर तिची ड्रॉइंगं काढली, आणि सगळे कॉम्प्युटरवर गेले तसा तोही नाक मुरडत गेला. आता कारखान्यात जाणं गुडघ्यांना झेपत नाही. म्हणून घरी बसून, मुलीनं दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर, देवाप्पाच्या कारखान्यासाठी ड्रॉइंगं काढतो. देवाप्पा चिकोडीकडचा. एकेकाळी याच्या शेजारच्या मशीनवर उभा असायचा, आज मालक आहे. तरी अजून अण्णा म्हणतो.

तर ज्योतिबाच्या मते या देवाप्पानं घोटाळा करून ठेवला होता. गेल्या खेपेला ज्योतिबानं एका भोकाचं माप जुनंच ठेवलं. गिऱ्हाइकानं बदल सांगितला होता, हा साफ विसरला. कारागिराच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. देवाप्पा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "वय होतंय अण्णा, चालायचंच." ते "चालायचंच" ज्योतिबाच्या जिव्हारी लागलं. त्यात कानावर आलं की मारतहळ्ळीच्या कुठल्याशा ड्रॉइंगवाल्या ऑफिसाशी देवाप्पाची बोलणी चाललीत. आणखी एक चूक झाली की आपला पत्ता कट, हे ज्योतिबाला कुणी सांगायची गरज नव्हती.

अशात नवं काम आलं, आणि तेही अवाढव्य. एका डायमध्ये इतके भाग की ड्रॉइंग उघडता उघडता कॉम्प्युटर अर्ध्यात गार पडायचा.

"मेमरी कमी पडतेय, अप्पा," पवित्रा फोनवर म्हणाली. ही त्याची मुलगी, आयटीत आहे.

"कुणाची?" ज्योतिबानं ताडकन विचारलं.

"कॉम्प्युटरची हो! तुमची कशाला?"

तिनं मेमरीची नवी पट्टी मागवून दिली. बोटभर लांबीची हिरवी पट्टी, एका कडेला सोनेरी दात. तो दातांचा भाग आतल्या खाचेत बसतो. "मी रविवारी येऊन बसवते," असंही ती म्हणाली होती. पण ऐकेल तो ज्योतिबा कसला! जन्मभर केसाच्या जाडीचे सांधे जुळवले, आता एक पट्टी बसवायला लेक यायला हवी होय? आणि रविवारपर्यंत थांबायला सवड कुठं होती? दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक देवाप्पाकडं येणार, ड्रॉइंग आज संध्याकाळपर्यंत जायलाच हवं.

सकाळी आंघोळ केली, देवापुढं बसून पट्टीचं पाकीट फोडलं, कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि जुन्या पट्टीशेजारी नवी बसवली. कट्ट असा आवाज आला. ज्योतिबा खूश झाला. बटण दाबलं. पडद्यावर टिकल्या गोल गोल फिरायला लागल्या, फिरता फिरता थांबल्या, आणि सगळा पडदा निळा झाला. काहीतरी अडचण आली आहे, असं इंग्रजीत म्हणून कॉम्प्युटर आपणच बंद पडला, आपणच चालू झाला. पुन्हा टिकल्या. पुन्हा निळं.

"आता काय झालं याला?" ज्योतिबा म्हणाला.

स्वयंपाकघरात गंगव्वा चटणी वाटत होती. गंगव्वा म्हणजे त्याची बायको. बोलणं कमी, आणि या घरात तेच सोयीचं. "तो मिक्सर बंद कर आधी!" ज्योतिबा गरजला. "करंट खेचतो तो!" तिनं बंद केला. निळा पडदा आला तो आलाच. मग खालच्या मजल्यावरची पाण्याची मोटर गुन्हेगार ठरली. ज्योतिबा जिन्यावरून ओरडला, "स्वल्प, जरा मोटर बंद करा हो!" बिचाऱ्यांनी तीही केली. मग वीजवाल्यांचा उद्धार झाला, मग टेबलाचा, कारण म्हणे ते डगडगतं. कॉम्प्युटर आपला निळा होतोय, विझतोय, परत निळा होतोय. गंगव्वाची चटणी अर्धी वाटलेली तशीच राहिली.

शेवटी पवित्राला फोन गेला. ती मीटिंगमध्ये होती, बाहेर आली. "अप्पा, नवी काढा. नुसत्या जुनीवर चालू करून बघा."

जुनीवर निमूट चालू झाला. ड्रॉइंग उघडायला गेला तर नेहमीसारखा अर्ध्यात गार.

"आता जुनी काढून नुसती नवी लावा."

निळा.

"खाच बदला."

निळा. ज्योतिबाच्या कपाळाला घाम, ऊन वर चढलेलं, जेवण नाही, आणि गुडघे टेबलाखाली वाकून वाकून बोंबलायला लागलेले. "बसली नसेल नीट," पवित्रा म्हणाली.

"मला शिकवतेस? नीट बसणं काय असतं ते मला शिकवतेस?"

"अप्पा, चिडू नका हो. मग पट्टीच खराब असेल. परत पाठवू. दोन्ही बाजूंनी फोटो काढा तिचा, लागतो त्यांना."

"चोर लेकाचे! काहीही गळ्यात मारतात!" ज्योतिबानं विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. गंगव्वानं टॉर्च धरली, त्यानं फोटो काढले आणि पाठवले. पलीकडं पवित्रानं ते मोठे करून बघितले. मग तिनं विचारलं, "दातांवर हे लाल काय आहे?"

ज्योतिबानं चष्मा चढवून पट्टी डोळ्यांशी धरली. सोनेरी दातांवर कुंकू होतं. तेलात कालवलेलं, वरवर पुसलेलं, पण दातांच्या फटीत चांगलं जाऊन बसलेलं.

मग काय विचारता! "गंगे!" असा आवाज निघाला की खालची मोटर आपणच बंद पडावी. "हे तुझं काम! नवी वस्तू घरात आली की लाव कुंकू! फ्रिजला लावलंस, गॅसला लावलंस, पाण्याच्या फिल्टरला लावलंस, मी काही बोललो? आता यालाही? अगं, कॉम्प्युटर आहे तो, नवरी नाही! माझं काम घालवायला बसलीस?"

"अहो, मी..."

"तू गप्प! एक अक्षर बोलू नकोस!"

तेवढ्यात देवाप्पाचा फोन. ड्रॉइंग कुठवर आलं? ज्योतिबानं एका दमात सांगून टाकलं, की बायकोनं पट्टीला कुंकू फासलंय, म्हणून सकाळपासून हा तमाशा. देवाप्पा खो खो हसला. "अय्यो! अक्कांनी कॉम्प्युटरची पूजा केली? मला भीती, की तुम्हीच परत काही विसरला काय की."

"मी? मी काय विसरायचो!" ज्योतिबा म्हणाला, आणि त्याला फार बरं वाटलं.

फोन ठेवला तर दारात गंगव्वा उभी. "इकडं या जरा," ती म्हणाली. असा आवाज तिनं क्वचितच काढला असेल, म्हणून तो गेला. तिनं फ्रिजसमोर उभं केलं. "कुंकू कुठं आहे?"

दारावर, अगदी मधोमध. गॅसवर बघितलं, मधोमध. फिल्टरवर, मिक्सरवर, सगळीकडं मधोमध एकेक ठसठशीत टिळा.

"मी कपाळाला लावते," गंगव्वा म्हणाली. "दातांना कुंकू लावायला मला वेड लागलंय? धारेला कुंकू कोण लावतं?"

ते ज्योतिबाला पक्कं ठाऊक होतं. धारेला कुंकू डाय बनवायच्या टूलरूममध्ये लावतात. नवी डाय मशीनवर चढवायच्या आधी बोटभर कुंकू तिच्या धारेवर, कारण काम धार करते. मागच्या बाजूला लावलं तर ज्योतिबाच पोरांना शिव्या घालायचा.

"सकाळी देवापुढं बसून तुम्हीच लावलंत. दिव्यातल्या तेलात बोट बुडवून. मग धोतराला पुसलीत पट्टी. त्यानं कॉम्प्युटर बिघडतो हे मला काय माहीत? आणि बोलायला गेले तर गप्प केलंत."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. पाकीट फोडलेलं आठवत होतं. झाकण काढलेलं आठवत होतं. मधलं काही केल्या आठवेना. मग त्यानं उजव्या हाताचं बोट बघितलं. नखाच्या कडेला लाल होतं. त्याच बोटानं दिवसभर तो बटण दाबत होता. हातानं इतक्या वर्षांच्या सवयीनं आपलं काम उरकून टाकलं होतं आणि डोक्याला कळवलंच नव्हतं. ज्योतिबाला पहिल्यांदा रागाऐवजी भीती वाटली.

पवित्राला फोन करून त्यानं एवढंच विचारलं, "कुंकू कसं काढायचं?"

"खोडरबर आहे? हलक्या हातानं दातांवर फिरवा. फटीतलं कोरड्या मऊ ब्रशनं काढा. पाणी लावू नका."

खोडरबर नसायला काय झालं? कागदावर ड्रॉइंगं काढायच्या दिवसांतला, कडा झिजून गोल झालेला त्याचा खोडरबर अजून खणात होता. दोन्ही बाजूंनी फिरवला. दात लखलखले. फटींवरून ब्रश फिरवला, फुंकर मारली, खाचही झाडून घेतली, दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि बटण दाबलं. टिकल्या फिरल्या, फिरल्या, आणि कॉम्प्युटर मुकाट्यानं उघडला. ते अवाढव्य ड्रॉइंगही आख्खंच्या आख्खं उघडलं. ज्योतिबानं प्रत्येक माप गिऱ्हाइकाच्या कागदाशी ताडून बघितलं, परत बघितलं, आणि ऊन उतरायच्या आत पाठवून दिलं. गंगव्वानं तेवढ्यात चटणी वाटून घेतली.

देवाप्पाला खरं काय ते सांगायचं राहिलं. उद्या सांगू म्हणाला. उद्या गिऱ्हाइकाला ड्रॉइंग पसंत पडलं, देवाप्पाचा आनंदाचा फोन आला, आणि आनंदात कुठं मिठाचा खडा टाकायचा? परवाही राहिलं. गंगव्वानं विषय काढला नाही.

मग आली आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. पीण्यात त्या दिवशी मशीनं बंद असतात. केळीचे खांब बांधलेले, दारात कोहळे फोडलेले, चुरमुऱ्यांच्या पुड्या. देवाप्पानं दोघांनाही बोलावलं होतं. गंगव्वा नवी इरकल नेसून कारखान्यात शिरली, आणि देवाप्पा तिथूनच ओरडला, "अरे, अक्का आल्या! कॉम्प्युटर झाका रे!"

सगळे हसले. गोष्ट आधीच सगळ्यांना कळलेली होती. गंगव्वाही पदर तोंडाला लावून हसली. ज्योतिबा मशीनकडं बघत राहिला.

बायकांनी तिच्या हातात कुंकवाचं ताट दिलं. ती नव्या मशीनला टिळा लावायला वाकली तर मागून कुणीतरी म्हणालं, "दातांना नको हं, अक्का!" पुन्हा हशा. गंगव्वाचा हात तिथंच थांबला. तिनं टिळा लावला नाही. ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि बाजूला होऊन उभी राहिली, हसत.

"बास!" ज्योतिबा ओरडला. इतक्या जोरात, की चुरमुरे वाटणाराही थबकला. "काय लावलंय मघापासून? ते कुंकू तिनं नाही लावलं. मी लावलं. आणि लावलं हे विसरलो. आणि तिच्यावर ढकललं, तुला फोनवर खोटं सांगितलं, देवाप्पा. नंतर कळलं तरी सांगितलं नाही. हसायचं तर मला हसा!"

कुणीच हसलं नाही. देवाप्पा पुढं आला आणि म्हणाला, "सरी, अण्णा. ठीक आहे." मग आरती झाली.

निघताना देवाप्पानं प्रसाद हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णा, इथून पुढं तुमचं ड्रॉइंग आणखी एकाच्या नजरेखालून घालू. वाईट वाटून घेऊ नका. काय?"

ज्योतिबाच्या तोंडात भलतंच आलं होतं. ते त्यानं गिळलं. "घालू," म्हणाला.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बऱ्याच वेळानं गंगव्वा म्हणाली, "कशाला सांगितलंत? मला चाललं असतं की. चार दिवस हसले असते आणि विसरले असते."

"मला चालत नव्हतं," ज्योतिबा खेकसला.

येलहंका जवळ आल्यावर तिनं पिशवी उचलली, प्रसादाची पुडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मधोमध लावा."