पंपावरचं ओलं फडकं

माझ्या नावावर छापलेला प्रत्येक शब्द आधी अण्णांनी वाचला आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात माझं बालपण. पण हे त्यांनी वाचलेलं नाही, ऐकलेलंही नाही. कुणीच नाही. लिहायला बसले की दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी भ्याडपणावर लेख लिहून उठते. ते सोपं असतं.

गाडीपासून सुरुवात करते. — नको, गाडीच्या आड लपणं हाच तर माझा दोष. पण तिच्याशिवाय सांगू कसं?

अण्णांची जुनी, कार्ब्युरेटरवाली पांढरी गाडी. मागच्या सीटवर कायम लाउडस्पीकर आणि पत्रकांचे गठ्ठे. उन्हाळ्यात तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकायचा, आणि तापलेली गाडी एकदा बंद झाली की सुरू व्हायची नाही. इंजिनाजवळच्या पंपातच पेट्रोलची वाफ होते, असं अण्णा सांगायचे. मग बॉनेट उघडायचं, फडकं भिजवून त्या पंपावर टाकायचं आणि थांबायचं. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर उडतं. शाळेत असल्यापासून मला हे पाठ होतं. थोड्या वेळाने सेल्फ मारला की गाडी सुरू. तिचा हा आजार इतका ओळखीचा होता, की तिला दुसरं काही झालं असेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

मी त्याचाच फायदा घेतला.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पॅकिंगवर असलेल्या कंत्राटी बायकांची गेटसभा होती. कामाच्या पाळीत मधे बाथरूमला जाऊ द्या, एवढी साधी मागणी. भाषण मी करायचं. मीच का? बाहेरची म्हणून. आतली बाई बोलली की कुणीतरी मोबाइलवर तिचा चेहरा टिपतं, आणि दुसऱ्या दिवशी तिला गेटवरच अडवतात. म्हणून बोलणारी बाहेरची लागते. माझं काम तेवढंच होतं. पाळी सुटते आणि कंपनीची बस हलते, त्या मधल्या वेळात बोलायचं.

आदल्या दिवशी पोलीस चौकीतून फोन आला. आवाज सभ्य होता. "मॅडम, भाषण तुम्हीच करणार ना? पूर्ण नाव सांगा. राहायला कुठे?" धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मी सगळं सांगितलं, वर थँक्यू म्हणाले. फोन ठेवला आणि उठून दाराला आतून कडी लावली. 'घाबरू नका' असं पत्रकांतून किती जणांना सांगितलं होतं मी — आणि भीती कशी असते ते मला तेव्हा कळलं.

दुपारी आम्ही देवळाली कॅम्पहून निघालो. वडनेर रस्त्याने जाताना, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे गाडी तापली. ते खरं होतं. मी बॉनेट उघडलं, फडकं टाकलं. अण्णा पाणी आणायला टपरीकडे गेले. आणि मी — कॉइलमधून एक जाड वायर निघते ना, ठिणगीला करंट देणारी — ती आतून सुटेपर्यंत ओढली, आणि वरची रबरी टोपी पुन्हा जागेवर बसवली. बघणाऱ्याला सगळं ठीक दिसावं म्हणून. आधीच ठरवलं होतं का मी? माहीत नाही. हात मात्र चाचपडला नाही.

अण्णांनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही.

"वायरी बघ गं. मला जवळचं नीट दिसत नाही."

"बघितल्या. घट्ट आहेत."

एक जवळजवळ भरलेली रिक्षा थांबली. "काका, म्हातारीला आता पेन्शन द्या," रिक्षावाला म्हणाला.

"तुला मिळेल त्या दिवशी तिलाही देऊ," अण्णा म्हणाले.

"एक सीट आहे, ताई. सोडतो."

"जा तू पुढे," अण्णा म्हणाले. मी म्हणाले, स्पीकर सोडून जाऊन काय करू? आवाज पोचायला नको? अण्णांना पटलं. माझं बोलणं त्यांना नेहमीच पटायचं.

मग सुनंदामावशीचा फोन. देवळा तालुक्यातली, त्याच पॅकिंगमध्ये कामाला. सगळ्या बायकांना तिनेच जमवलं होतं. "पोरी, कुठं हाय तू? बाया उन्हात उभ्या हायेत. बस लागली."

"गाडी तापलीय, मावशी. निघतोच."

"बरं. सावकाश या. घाई नको करू."

अण्णांनी फडकं पुन्हा भिजवलं. मग गळ्यातला रुमाल भिजवून तोही पंपावर टाकला. "चल बाई, आजचा दिवस नको," असं ते इंजिनाला म्हणत होते. मी बघत होते — बस निघून जायची वाट. ती गेली असेल असं वाटल्यावर, अण्णा पाण्याला वळले तेवढ्यात, टोपी दाबून वायर बसवली. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. अण्णांचा चेहरा उजळला. "बघ, थंड व्हायला वेळ लागला एवढंच."

गेटवर कुणी नव्हतं. मागाहून कळलं, कंपाउंडजवळच्या दगडावर चढून सुनंदामावशी स्वतःच बोलली होती, घसा ताणून. दुसऱ्या दिवशी तिला गेटवरच परत पाठवलं. त्या पट्ट्यात मग तिला कुणी काम दिलं नाही. आता ती त्र्यंबकेश्वरच्या एका लॉजमध्ये चादरी धुते.

अण्णा तिच्या घरी गेले. हात जोडले. रेडिएटर साफ करायचा राहिला, माझी चूक, म्हणाले. "यंत्राचं काय, अण्णा? ते कुणाचं ऐकतं?" असं म्हणत तिने चहा पुढे केला. मी शेजारी बसून तो चहा प्यायले. पुढे अण्णांनी गाडी भंगारात दिली. आणि मी? मावशीवर झालेल्या अन्यायाचं पत्रक लिहिलं. गप्प राहणाऱ्यांना त्यात सोलून काढलं होतं. लोकांना फार आवडलं. अण्णांनी प्रूफ वाचून एकच शब्द बदलला.

अजून रस्त्यात कुणाची गाडी नुसती घरघरत राहिली, पेटली नाही, की मी तिथून निघून जाते. पाय थांबतच नाहीत.

मावशीला हे छापलेलं वाचायला देणार नाही. त्र्यंबकला जाऊन तोंडाने सांगणार आहे. त्याआधी हे प्रूफ अण्णांकडे जाईल. ओळीखाली पट्टी धरून, भिंगातून, ते अजिबात घाई न करता वाचतात. 'घट्ट आहेत'पाशी पट्टी पोचेल तेव्हा मी समोर बसलेली असेन. उठणार नाही.