माझंच वाक्य, मयूरच्या तोंडून

मागच्या महिन्यात एका शनिवारी, बोईसरला, माझी बोलती बंद झाली. मला ओळखणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचलं तरी चालेल...

रिटायर झाल्यापासून आम्ही दोघी मैत्रिणी दर शनिवारी पालघरहून तिथे जातो आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुलांचा अभ्यास घेतो. सगळे पाचवी-सहावीचे पोरगे. बाप शिफ्टला, नाहीतर शिफ्ट करून झोपलेला. बघून शिकायला कोण, तर नाक्यावर बाईक रेटणारे... म्हणून मीच हट्ट धरला की शिकवायला कॉलेजची चांगली मुलं आणा. चार पोरांमागे एक दादा.

त्यातला एक मयूर. पालघरजवळच्या माहीमच्या मच्छीमार घरातला, बारावीला, गणितात पक्का. आणि त्याच्या गटातला सहावीचा अंकित म्हणजे त्याची सावली. तशीच कटिंग, तशीच एका खांद्यावर बॅग. भागाकार म्हटलं की अंकितला घाम फुटायचा, पण मयूर येणार म्हणून अर्धा तास आधी येऊन क्लासच्या जिन्यात बसायचा.

एका शनिवारी अंकितचा भागाकार चौथ्यांदा चुकला... आणि मयूर सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाने डोकं फक्त कटिंग करायला दिलंय का रे?"

पोरं खो-खो हसली. अंकितनेही थोडं हसून दाखवलं. मग वही मिटली, चपला घातल्या आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी आला नाही. शेजारच्या पोराने निरोप आणला, "अंकित बोला, अब कभी नहीं आएगा. मेरे को नहीं आता तो नहीं आता."

माझं डोकं सणकलं. दादा आणले ते काय पोरांचा पाणउतारा करायला? मयूरला सगळ्यांसमोर उभं केलं. ही भाषा कुठे शिकलास, म्हटलं. पुढच्या शनिवारपासून येऊ नकोस.

तो मान खाली घालून उभा. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला, "टीचर, वो तो आपका डायलॉग है."

कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं...

खरंच होतं ते. दर दोन-तीन शनिवारी एकदा तरी मी हे कोणाला तरी ऐकवायचे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरने मला सुनावलं होतं, देवाने डोकं फक्त रिबिनी बांधायला दिलंय का. साठ वर्षं होत आली, त्या दिवशी हसलेल्या मुली मला अजून नावानिशी आठवतात. आणि मी काय केलं? रिबिनी काढून कटिंग घातली, आणि वापरत राहिले. वर त्याला शिस्त म्हणत राहिले!

मयूर हळूच म्हणाला, "मॅडम, तुमी तसं बोललात की सगळे गप बसून लिवतात. मला वाटलं, असंच शिकवायचं असतं."

क्लास मैत्रिणीवर सोडून आम्ही दोघं रिक्षाने अंकितच्या खोलीवर गेलो. वाटेत मी मनात एक छानसं भाषण जुळवलं. आईने दार उघडलं, पण अंकित काही बाहेर येईना.

मी तोंड उघडायच्या आत मयूर दारातूनच बोलला. "अंकित, गलती मेरी थी. सबके सामने बोला ना मैं? तो सॉरी भी सबके सामने बोलूंगा. शनिवार को सुनने आ. अच्छा नहीं लगा तो वापस जा."

संपलं. अभ्यास कर, मोठा हो, आईबापाचं नाव काढ... काही नाही. माझं भाषण माझ्याकडेच राहिलं. अंकित येईल की नाही, काही न कळताच आम्ही परतलो.

तो आठवडा मी कसा काढला, विचारू नका.

शनिवारी अंकित आला. दारातच उभा, चपला पायात. मयूर उठला, पोरांकडे तोंड करून म्हणाला, "मैंने अंकित का मजाक उडाया. गलत किया. सातवी तक मेरे को भी भागाकार नहीं आता था. मैं बाजूवाले का देखके लिखता था."

"दादा, आप कॉपी करते थे?" पहिल्या रांगेतला एकजण किंचाळलाच.

"करता था. क्यूंकि पूछने की शरम आती थी. तुम लोग पूछो."

अंकितने चपला काढल्या. त्याच्या गटातली पोरं सरकली, तो मधे बसला.

आता पाळी माझी होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं. इतकी वर्षं ऑफिस गाजवलं, हाताखालच्या कोणाला कधी सॉरी म्हटलेलं आठवत नाही. मुलांना तर नाहीच. उभी राहिले. वीस-बावीस पोरं माझ्याकडे बघतायत आणि मी नुसता चष्मा पुसतेय...

मयूर जवळ येऊन पुटपुटला, "मॅडम, खाली बसून बोला. सोपं जातं."

बसले. सतरंजीवर, पोरांच्या रांगेत. गुडघ्यांनी बोंब मारली. आधी मयूरला सॉरी म्हटलं, मग अंकितला, मग त्या सगळ्यांना, ज्यांना मी कधी ना कधी असं काही ऐकवलं होतं.

अठराही पूर्ण नाहीत त्या पोराला. पण तो म्हणाला ते खरं होतं... खाली बसल्यावर सोपं गेलं.

थँक यू, मयूर.