माझा साडू आणि मामांच्या बांधावरची हरळी

ज्याच्यावर जळावं असा माझ्या साडूइतका लायक माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात नाही, आणि मी हे काम लग्नापासून मनोभावे करत आलो आहे. मी मुरुमच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तो पुण्याच्या प्रयोगशाळेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या मूळपेशींवर संशोधन करतो. सासुरवाडीला आला की चहाआधी खुरपं मागतो. इस्त्रीच्या पँटीनिशी बांधावर फतकल मारून हरळी खणतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो, "वरचं गवत म्हंजे गाठ. खाली मातीत मुळी आसती, काशी, ती खरी मालकीण. केमोनं वरचं जळतं, काशी निजून ऱ्हाती. आमाला तिलाच गाठायचंय." एका लग्नाच्या पंगतीत त्यानं हेच पत्रावळीवर वरणानं काढून दाखवलं. वाढपी वाढायचं सोडून ऐकत उभा राहिला. माझ्या वर्गात पोरं एवढी गप्प कधी बसली नाहीत.

आमच्या सासऱ्यांना, मामांना, गेल्या वर्षी हाच आजार निघाला. ऑपरेशन झालं. केमोच्या प्रत्येक खेपेला सोलापूरला मी नेलं, उलटीचं भांडं मी धरलं. वाट मात्र मामा त्याच्या फोनची बघायचे. माझं डोकंच फिरलं. केमो संपल्यावर मी त्या बांधावर पानं जाळणारं तणनाशक मारलं. चार दिवसांत सगळं वाळून गेलं. मामांना मुद्दाम नेऊन दाखवलं, "बघा मामा, खणायची गरजच नाही." मामा बऱ्याच दिवसांनी हसले, आणि मला लई बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी साडू आला तेव्हा बांध पुन्हा हिरवा झाला होता. त्यानं नेहमीसारखं खुरपं मागितलं. मामा मात्र त्या कोंबांकडे बघत उभे राहिले. मग पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवून त्याला म्हणाले, "पाव्हणं, माझ्यात बी काशी ऱ्हायली आसंल का?"

मी घाईनं "छे छे" म्हणालो. मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

साडू खाली बघत म्हणाला, "आसंल, नसंल. आज सांगता येत न्हाय, मामा. तपासण्या चुकवायच्या न्हाईत. तिच्यावरचं औषध आमी शोधतोय, पर अजून हाती आलं न्हाय."

"मग हितं काय करताव? जावा, शोधा की!"

त्या दुपारी मामा पोटभर जेवले. वर्षभर मी खोटा धीर देत होतो, तेव्हा अर्धी भाकरी जात नव्हती. साडूच्या त्या खऱ्या बोलण्याचा मला जितका हेवा वाटला, तितका त्याच्या नोकरीचाही कधी वाटला नव्हता. अजून वाटतो. हल्ली देवापुढं हात जोडले की एवढंच मागतो: मामा आहेत तोवर त्याला ते औषध सापडू दे. मग त्यानं जन्मभर माझ्यासमोर मिरवावं. मी खुशाल जळत बसेन.