पहिला दिवस कोणता

मोसंबीच्या बागेला फुलं आली की आमच्या घरातली भांडीसुद्धा हलकी झाल्यासारखी वाटतात. वास दारातून येत नाही, भिंतींतून झिरपतो. त्या वर्षी मात्र मला तो नकोसा झाला होता. पावसाळा सरताना आई म्हणाली होती, "पुढचा बहार फुटेपर्यंत बघू. मंग आष्टीच्या आत्यानं सांगितलेलं स्थळ बघावं लागंन."

स्थळ दादासाठी. त्याच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आई हे बोलली तेव्हा वहिनी तिथंच भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला, इतकंच.

मी तेव्हा जालन्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच, म्हणून दवाखान्याचे कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर अर्धे शब्द मलाही कळत नव्हते. पण कळत नाही असं म्हणायची हिंमत नव्हती.

पहिल्या खेपेला डॉक्टरबाईंनी वहिनींचं रक्त तपासायला घेतलं, गोळ्या दिल्या. महिना किती दिवसांनी येतो, विचारलं. वहिनी म्हणाल्या, पंचवीस. मग बाईंनी दादाची तपासणी आणि त्याची तंबाखू बंद, असं दोन्ही कागदावर लिहिलं. दादा बाहेर चहाच्या टपरीवर होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "माझं काय तपासायचं? मी बिलकुल बराबर हाव."

परतताना एसटीत वहिनींनी कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हे काय लिहिलंय?"

"आठ ते चौदा. एकाआड एक दिवस."

"म्हंजे गोळी?"

"गोळी न्हाई." माझे कान तापले होते. "तुम्ही दोघं."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पुढच्या फाट्यापर्यंत खांदे हलवत हसल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कपाशीची शेतं मागे पळत होती, पांढरी, धूसर. आठवा दिवस कुठून मोजायचा, हे मी सांगितलं नाही. तो प्रश्न असू शकतो, हेच मला सुचलं नाही.

आमच्या घरात महिना न्हाण्यापासून सुरू होतो. अडचण आली की बाई चार दिवस बाजूला बसते, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेते, मग ती घरात आली असं धरतात. मोजायचं तिथून. आधीचे चार दिवस कुणाच्याच हिशोबात नसतात. लहानपणी मला वाटायचं, त्या चार दिवसांत बाया दुसऱ्याच कुठल्या तरी गावाला जाऊन येतात, तिथं घड्याळ नसतं. मीही स्वतःचे दिवस तसेच मोजत आले होते.

पाच महिने गेले. दर महिन्याला वहिनी पुन्हा बाहेरच्या ओट्याच्या कडेला जाऊन बसायच्या. मग बाग फुलली. आम्ही दुसऱ्यांदा दवाखान्यात गेलो.

"शेवटची पाळी कधी आली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

वहिनींनी तारीख सांगितली. बाई लिहू लागल्या आणि मला एकदम काहीतरी टोचलं. त्या दिवशी मी सुट्टीला घरी होते. वहिनींचे केस ओले होते, त्यांच्या हातचं पिठलं मी खाल्लं होतं.

"वहिनी," मी हळूच म्हणाले, "त्या दिवशी तर तुम्ही न्हालात."

"हो मंग. तोच तर पहिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. "तुमचा महिना पंचवीस दिवसांचा, म्हणजे बीज साधारण अकराव्या दिवशी सुटतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणून आठव्यापासून सांगितलं. पण तो आठवा रक्त दिसलं त्या दिवसापासूनचा. तुमचा आठवा म्हणजे खरा बारावा. तोवर ते निघून गेलेलं असतं."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत दोष नव्हता, आणि तेच मला सोसवेना. कागद मी वाचला होता.

संध्याकाळी बागेत दादाला मीच सांगितलं. झाडांखाली उजेड दुधासारखा पातळ झाला होता. तो ऐकताना पाकळ्या बोटांनी चुरगाळत होता.

"म्हंजे बाग तहानलेली ठेवून ताण तोडायचं पहिलं पाणी कधी दिलं, ते सोडून आपण पाण्याच्या पाचव्या पाळीपासून फुलाचे दिवस मोजत होतो?"

"मी काय मोसंबी हाव का?" वहिनी मागून म्हणाल्या.

दादा हसला. मग बराच वेळ हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, आत काहीतरी दुसरं चालू असल्यासारखं. "आत्तापर्यंत सगळं तुलाच करायला लावलं," तो वहिनींना म्हणाला. "उद्या मी जातो तपासायला."

तो गेला. रिपोर्टात त्याच्या शुक्राणूंचे आकडे कमी निघाले. शून्य नाहीत, कमी. तंबाखू सोडा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं सांगितलं. मला वाटलं, तो हे घरात लपवेल. त्यानं जेवताना आईपुढे कागद ठेवला. आईला वाचता येत नाही, तरी ती बघत राहिली.

"माझ्यात कमी हाय, आई. आष्टीला फोन करून सांग, स्थळ नको."

आईनं जेवण पूर्ण केलं. हात धुतला. फोन दुसऱ्या दिवशी केला. पलीकडून आत्या काय बोलली, माहीत नाही. आई फक्त "न्हाई, न्हाई" म्हणत होती.

मूल अजून नाही. होईल की नाही, हे मी लिहू शकत नाही, कुणीच लिहू शकत नाही. मध्ये एका सकाळी मात्र मी घरी होते. वहिनी ओट्याच्या कडेला जाऊन बसल्या, डोळे सुजलेले. आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. या घरात तिनं हे कधी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"आज पहिला का?"

"हो."

"मंग इथून आठ," आई बोटांवर मोजत म्हणाली, आणि चहाचा कप वहिनींच्या हातात दिला. जमिनीवर ठेवला नाही, हातात दिला.